बंद नळींतला वायु संपतो कोठें?



“सर, यंदां पुन्हां गॅस संपला,” हें वाक्य आमच्या शाळेच्या संगणककक्षांत मीं लागोपाठ तीन उन्हाळे ऐकलें. मार्च महिना आला कीं वातानुकूलन यंत्र कोमट वारा सोडूं लागे. कारागीर येई, तासाभरांत अर्धा किलो गॅस भरून जाई, आणि त्याच्या बिलावर मी सही करीत असें. त्याच दिवसांत वर्गांत मी द्रव्याच्या अविनाशित्वाचा नियम शिकवीत होतों! बंद नळींतला पदार्थ ‘संपतो’ म्हणजे जातो कोठें, हा साधा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकास तीन वर्षें सुचूं नये, याची मला आज लाज वाटते.

उत्तरासाठीं आधीं यंत्राचें कार्य पाहूं. माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, म्हणून माठ गार राहतो. द्रवाचा वायु होण्यास उष्णता लागते, आणि वायूचा पुन्हां द्रव होतांना ती बाहेर पडते. माठाची वाफ मात्र हवेंत विरून जाते. यंत्रांत तिला कोंडून पुनःपुन्हां राबवितात.

दुसरी गोष्ट दाबाची. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यांत रस गुऱ्हाळासारखा उघड्या काहिलींत आटवीत नाहींत; बंद भांड्यांतील हवा ओढून घेतात, त्यामुळें तो कमी उष्णतेवर उकळतो व साखर करपत नाहीं. दाब उतरला कीं उत्कलनबिंदु उतरतो, दाब चढला कीं तो चढतो. आमच्या यंत्रांत ‘आर-३२’ नांवाचा पदार्थ आहे. साध्या हवेच्या दाबाखालीं तो शून्याखालीं सुमारें ५२ अंश सेल्सिअसवर उकळतो. खोलींतील नळ्यांत त्यावर अधिक दाब असतो, तरी तेथें तो ५ ते १० अंशांच्या सुमारास उकळून खोलीची उष्णता पितो. बाहेरचा कंप्रेसर ती वाफ दाबतो. ती इतकी तापते कीं बाहेरच्या जाळींत कोल्हापूरच्या चैत्रांतल्या उन्हांतहि उष्णता टाकून ती द्रव होते. मग एका बारीक नळींतून दाब उतरून तो द्रव परत आंत येतो. या फेऱ्यांत कांहीं जळत नाहीं, कांहीं खर्च होत नाहीं. घरचा फ्रिज वर्षानुवर्षें गॅस न भरतां चालतो, तो याचमुळें.

मग आमचा गॅस गेला कोठें? फ्रिजच्या नळ्या कारखान्यांतच डाग देऊन बंद केलेल्या असतात. भिंतीवरच्या यंत्राचे दोन भाग मात्र जागेवर आणून जोडतात. तांब्याच्या नळीचें तोंड फुलवून पितळी नटानें आवळतात. बहुधा खोट येथेंच असते. मोठ्या दूधसंघांच्या शीतगृहांत अमोनिया असतो. तो निसटला तर नाकच ओरडून सांगतें. आमचा वायु मुकाट्यानें जातो.

चौथ्या वर्षीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकलेला आमचा एक माजी विद्यार्थी आला. त्यानें प्रथम धुळीची जाळी काढून धुतली. कारण धूळ साचली तरी आंतल्या नळ्यांवर बर्फ जमतो, आणि गॅस कमी झाला तरीहि जमतो. त्यानें भागलें नाहीं, तेव्हां उरलेला वायु हवेंत न सोडतां एका टांकींत ओढून घेतला, नळ्यांत दाबानें नायट्रोजन भरला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. (येथें प्राणवायु कधींहि भरूं नये, कंप्रेसरच्या तेलाशीं गांठ पडून स्फोट होतो.) बाहेरच्या एका नटाशीं बारीक बुडबुडे आले. माझा तीन वर्षांचा प्रश्न तेथें फुगत होता.

नळीचें तें टोंक कापून त्यानें नवें तोंड फुलविलें. मग पंप लावून नळ्या पूर्ण निर्वात केल्या. हें काम कंटाळवाणें म्हणून पुष्कळजण टाळतात. पण आंत राहिलेली हवा द्रव होत नाहीं व उगाच दाब वाढविते, आणि पाण्याचा अंश बारीक नळीच्या तोंडाशीं गोठतो किंवा तेलांत मिसळून आम्ल बनवितो. शेवटीं, गुजरींतला सराफ सोनें तोलतो तशा काळजीनें, टांकी कांट्यावर ठेवून यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायु सोडला. “थोडा जास्त भर, अधिक गार होईल,” असें मीं म्हटलें. तो हंसला. “सर, जास्त झालेला द्रव कंप्रेसरांत शिरला तर कंप्रेसरच फुटेल.”

बिलापेक्षां मोठा हिशेब पुढें आहे. पूर्वींचा आर-२२ हा वायु ओझोनचा थर विरळ करी. १९८७ च्या माँट्रिअल करारानें अशा वायूंना आळा घालण्यास सुरुवात झाली. आर-३२ ओझोनला धक्का लावीत नाहीं. परंतु त्याचा १ किलो शंभर वर्षांत सुमारें ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता पृथ्वीभोंवतीं धरून ठेवितो. माझ्या तीन सह्यांबरोबर दीड किलो गेला. म्हणजे जवळजवळ १ टन. गोदरेजनें २०१२ सालीं प्रोपेनवर चालणारीं यंत्रें भारतांत आणलीं. प्रोपेनचा हा दोष नगण्य आहे, पण तो चटकन् पेटतो. आर-३२ देखील पेटूं शकतो. तेव्हां, मुलांनो, जाळी खुशाल धुवा. नटाला पाना लावूं नका.

दुरुस्त केलेल्या नटावर त्या विद्यार्थ्यानें लाल खूण केली आहे, आणि पाटीशेजारीं तारीख व वजन लिहून ठेविलें आहे. त्यानंतर दोन उन्हाळे गॅस भरावा लागला नाहीं. यंदां मार्चमध्यें मीं शिडी लावून त्या नटावर स्वतः फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाहीं.