दिवसभर प्रेसचा धडधडाट, वर आणखी हेवी मेटल?

प्रश्न : माझा मुलगा चाकणला एका वाहन कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये आहे. शिफ्ट सुटून बसमध्ये बसला की निगडीला उतरेपर्यंत त्याच्या कानात हेवी मेटल चालू असतं. घरीही तेच. मीही भोसरीच्या कारखान्यांत आयुष्य काढलं, पण घरी आल्यावर मला शांतता लागायची. फार तर भीमसेनजींचे अभंग. आता भजनी मंडळात पेटी वाजवतो. दिवसभर प्रेस ऐकून पुन्हा असला गोंगाट कुणाला का ऐकावासा वाटेल? पोराच्या मनात राग तर साठला नाही ना, अशी हिला काळजी लागली आहे.
– एक वाचक, निगडी प्राधिकरण

उत्तर : प्रेसच्या आवाजाशी तुम्ही या संगीताची सांगड घातलीत, ती अगदी बरोबर आहे. हेवी मेटल प्रेसपाशीच जन्मलं.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम म्हणजे ओतकामाचं, पत्राकामाचं आणि मोटारींच्या सुट्या भागांचं शहर. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा पोरगा वेल्डिंग करायचा. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. प्रेसवरची बाई आली नाही म्हणून त्याला तिथे उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. भोसरीत राबलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. फोरमनने घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झाल्यावरही गिटार गाजवलेला हा कलावंत. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं बसवलं, बारीक तारा चढवल्या. पुढे त्याने तारा सैलही केल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला, आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

त्याच टापूतल्या ‘जुडास प्रीस्ट’ या बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन पोलाद कंपनीत कामाला होता. त्यांच्या १९८०च्या अल्बमचं नावच ‘ब्रिटिश स्टील’. त्यातल्या एका गाण्यात लोखंडी पावलांचा आवाज हवा होता, म्हणून त्यांनी काट्या-चमच्यांचा ट्रे खळखळवून तो ध्वनिमुद्रित केला!

आता पेटीकडे या. सा आणि प एकदम दाबा, गंधार नको. हेवी मेटलच्या गिटारवर बहुतेक वेळ हीच जोडी वाजते. या गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक स्वराबरोबर भरपूर उपस्वर उसळतात. त्यात गंधार मिसळला की सगळं गढूळ होतं. षड्ज-पंचम मात्र एकमेकांत चपखल बसतात, आणि दोघांच्या कंपनांच्या फरकातून खालच्या सप्तकातला, कुणी न वाजवलेला षड्जही ऐकू येतो. छातीत भरतो तो हा. आता सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम, असे सावकाश वाजवा. ‘ब्लॅक सबाथ’च्या त्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याचा सांगाडा तुमच्या बोटांखाली येईल. पंचमाची वाट पाहायला लावून तो न देण्यात जी हुरहूर आहे, ती मारवा ऐकणाऱ्याला परकी वाटू नये.

कारखान्यातला आवाज आणि हे संगीत यांत खरा फरक हुकमतीचा आहे. प्रेस लाइनच्या वेगाने चालतो. तुमचा मुलगा तो थांबवू शकत नाही, त्याची लय बदलू शकत नाही. बसमध्ये मात्र गाणं तो निवडतो. डबल बास ड्रमचे ठोके कुठे तुटणार, गिटार कुठे परतणार, हे त्याला ठाऊक असतं, आणि ते नेमक्या जागी येण्याचं सुख समेवर आल्यासारखंच असतं. तुम्हाला शांततेत जे मिळायचं, ते त्याला इथे मिळत असावं.

रागाबद्दल वहिनींना हे सांगा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी २०१५ साली असं संगीत ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी चिडवलं. मग काहींना त्यांच्या आवडीचं संगीत ऐकू दिलं, काहींना नुसतं बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. उलट त्यांची चिडचिड उतरली आणि त्यांना उभारी आली. प्रयोग लहान आहे, पण आवडीने मेटल ऐकणारी जी माणसं मला ठाऊक आहेत, त्यांच्याशी तो जुळतो.

मुलाला एकदा विचारा, की तू यातलं कुठलं ऐकतोस? थ्रॅश, डूम, डेथ, पॉवर असे यात पुष्कळ प्रकार आहेत, आणि ऐकणारे त्यावरून घराण्यांसारखे भांडतात. मला स्वतःला संथ, जड डूम आवडतं. अतिवेगवान ड्रममध्ये मन रमत नाही. तुम्ही दोघांनी एकत्र ऐकायचं, तर स्वीडनच्या ‘ओपेथ’चा २००३चा ‘डॅम्नेशन’ लावायला सांगा. एरवी गुरगुरून गाणारा हा बँड त्यात पूर्ण शांत आहे. २०१९ साली तो पुण्यात येऊन वाजवून गेला. ‘आयर्न मेडन’ या बँडसाठी मात्र २००७ साली बंगळुरूलाच जावं लागत होतं!

मला चिंता आहे ती त्याच्या कानांची. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे कानांवर मोठा भार शिफ्टमध्येच पडलेला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, ९० वर जेमतेम चार. तळवडे-महाळुंगे रस्त्यावरच्या वर्दळीत बसचा आवाज झाकायला तो हेडफोन वाढवत असणार. बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन त्याला घेऊन द्या, म्हणजे कमी आवाजातही भागेल. प्रेसपाशी ईअरप्लग घालतो का, तेही विचारा. वार्षिक तपासणीतला ऑडिओमेट्रीचा कागदही बघा. चार हजार हर्ट्झच्या आसपास रेघ खाली खचलेली दिसली, किंवा रात्री कानात शिट्टी वाजते असं तो म्हणाला, तर कानाच्या डॉक्टरांकडे याच महिन्यात जा.