सुट्टीसाठी पुस्तके निवडताना : काय करावे, काय टाळावे

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मासिकांत ‘या सुट्टीत वाचायलाच हवीत’ अशा पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनामुळे त्यांना आणखी जोर चढतो. याद्या उपयोगाच्याच असतात. पण यादी करणाऱ्याला आपली आवड, आपला वेळ आणि मागच्या सुट्टीत अर्ध्यावर टाकलेले पुस्तक यांतले काहीच ठाऊक नसते. म्हणून यादी दुसऱ्याची घ्यावी, निवड मात्र आपली आपण करावी. ती कशी करावी, यासाठी हे काही विधिनिषेध.

काय करावे

१. शिफारस कोण करतो आहे, ते आधी पाहावे. ‘राजहंस ग्रंथवेध’, ‘मेहता मराठी ग्रंथजगत’ ही प्रकाशनसंस्थांची घरची मासिके. नवे काय आले, त्यात काय आहे, एखादा उतारा कसा आहे, हे कळायला ती फार चांगली. पण आपलेच पुस्तक फसले आहे, असे तिथे कोण छापणार? १९६४ साली सुरू झालेले ‘ललित’ही मॅजेस्टिकचेच, मात्र त्यात इतर प्रकाशकांच्या पुस्तकांचीही दखल घेतली जाते. पुरवणीतल्या यादीखाली लेखकाचे नाव असेल तर त्याचे स्वतःचे प्रकाशक कोण, हेही एकदा आठवून पाहावे. हितसंबंध असला म्हणून शिफारस खोटी ठरत नाही. तिला किती वजन द्यायचे, एवढेच त्यावरून ठरते.

२. विशेषणे गाळून उरते काय, ते बघावे. ‘ओघवती भाषा, हृदयस्पर्शी प्रसंग, वाचनीय आणि संग्राह्य’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतात. याउलट, ‘माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नवा तरुण मास्तर येतो, पोरे शाळेत येत नाहीत, हळूहळू वाडी त्याला आपला मानते आणि मग दुष्काळ पडतो’ एवढे लिहिले, की व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आपल्याला हवी की नको, ते वाचकाला लगेच कळते. यादीतल्या ज्या पुस्तकाबद्दल असे एकही ठोस वाक्य नाही, त्याच्यापुढे तूर्त प्रश्नचिन्ह करावे.

३. पुरस्कार कशासाठी दिला, ते समजून घ्यावे. साहित्य अकादमीचा वार्षिक पुरस्कार एका ठरावीक पुस्तकाला मिळतो आणि त्यात सगळे वाङ्मयप्रकार एकाच रांगेत असतात. २०२३ चा मराठीतला मान कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला मिळाला, तर २०२४ चा सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाला. दोन्ही मोठ्या तोलाची पुस्तके. पण विंदांचे गद्य आधी वाचलेले नसेल तर दुसऱ्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. ज्ञानपीठाचे गणित आणखी निराळे. वि. स. खांडेकरांचे १९७४ चे ज्ञानपीठ ‘ययाति’शी जोडलेले होते. पुढे तो पुरस्कार समग्र लेखनासाठी देण्यात येऊ लागला. त्यामुळे कुसुमाग्रज, विंदा करंदीकर किंवा भालचंद्र नेमाडे यांचे ज्ञानपीठ आपल्याला लेखक सुचवते. त्यांचे कोणते पुस्तक आधी घ्यावे, ते आपल्यालाच शोधावे लागते.

४. शीर्षकपानाच्या पाठचे पान वाचावे. पुस्तक हातात आल्यावर बहुतेकजण मलपृष्ठावरची पाठराखण वाचतात. खरी माहिती आत असते. तिथे चार गोष्टी बघाव्यात : पहिली आवृत्ती कधीची, हाती आहे ती कितवी, पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त, आणि अनुवाद असेल तर कोणाचा. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत यावर फार अवलंबून असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, यादीवाल्याने मूळ पुस्तकाची तारीफ केलेली असते आणि आपण घरी आणतो छोटे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापला, तो मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरचा पाठ द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. १८५७ च्या धामधुमीतला तो भटजी त्याच्याच शब्दांत ऐकायचा असेल, तर संपादकाचे नाव बघूनच प्रत घ्यावी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. बाजारातल्या प्रतींत छपाई आणि शुद्धलेखन यांचा दर्जा सारखा नाही. दोन पाने उलटून पाहावीत, मगच पैसे काढावेत.

५. अनुवादकाचे नाव लेखकाइतकेच महत्त्वाचे मानावे. मार्जोरी रॉलिंग्जची कादंबरी मराठी वाचकाच्या मनात ‘पाडस’ म्हणून राहिली ती राम पटवर्धनांमुळे, आणि लुइसा मे अल्कॉटच्या बहिणी ‘चौघीजणी’ झाल्या त्या शांता शेळक्यांमुळे. यादीत अनुवादकाचे नावच दिलेले नसेल, तर यादी करणाऱ्याने पुस्तक मराठीत वाचले आहे का, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

६. दहा पाने उभ्याउभ्या वाचावीत. पहिली पाच आणि मधली कुठलीही पाच. पहिली पाने लेखकाने घासूनपुसून ठेवलेली असतात. पुस्तकाचा रोजचा स्वर मधल्या पानांत कळतो. दुकानदार बहुधा हरकत घेत नाही. मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर भिलारला अर्धा दिवस ठेवावा. ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात घराघरांत वाङ्मयप्रकारांनुसार मराठी पुस्तके मांडलेली आहेत, आणि ती तिथे बसून वाचता येतात. चाळून पाहायला याहून सोयीची जागा नाही.

७. मोजकीच घ्यावीत, पण वेगवेगळ्या वजनाची. एक जाड, एक सडपातळ, एक ललितेतर आणि एक आपल्या नेहमीच्या वाटेवर नसलेले. उदाहरणार्थ, श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची, जगबुडीच्या काठावरच्या खोतांच्या पिढ्यांची कादंबरी घरातल्या निवांत दुपारींसाठी. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ एका रेल्वेप्रवासात संपण्याजोगी. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ घरात सगळ्यांना फिरवून वाचता येईल. आणि एक कवितासंग्रह, रोज दोन पानांच्या हिशेबाने. एवढे मे महिन्याला पुष्कळ झाले.

८. यादी घेऊन वाचनालयात जावे. लेखक आणि प्रकाशक दोन्ही लिहून न्यावेत, म्हणजे शोधणे सोपे जाते. पुस्तके देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कोणते पुस्तक लोक मुदत वाढवून घेतात आणि कोणते दोन दिवसांत परत येते, ते तोंडपाठ असते. ही यादी कुठे छापून येत नाही. विचारली तर मिळते.

९. एक विश्वासाचा वाचक शोधावा. दहा जणांच्या याद्या चाळण्यापेक्षा आपल्याशी आवड जुळणारा एक सदरलेखक धरून ठेवलेला बरा. सतीश काळसेकरांचे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ हे साहित्य अकादमी मिळालेले पुस्तक म्हणजे एका जाणत्या वाचकाच्या वाचनाचा लेखाजोखाच आहे. त्यातून पुढच्या चार सुट्ट्यांची सोय होते.

काय टाळावे

१. ‘साभार पोच’ला शिफारस समजू नये. मासिकाच्या शेवटी लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य अशी जी ओळीने छापलेली नोंद असते, ती पुस्तक कार्यालयात पोचल्याची पावती आहे. संपादकाने ते उघडले असेलच असे नाही. ‘पुस्तक परिचय’ त्याच्या एक पायरी वर : त्यात आशय कळतो, मत क्वचितच. ‘परीक्षण’ म्हणावे ते डावे-उजवे सांगणारे. ज्या परीक्षणात एकही उणीव दाखवलेली नाही, ते परिचयाच्याच खात्यात टाकावे.

२. आवृत्तीच्या आकड्याने दिपून जाऊ नये. मराठीत एक आवृत्ती साधारण हजार प्रतींची, कधी त्याहूनही लहान असते. शिवाय पुस्तक अभ्यासक्रमाला लागले की आवृत्त्या भराभर निघतात. खप किती झाला ते आकडा सांगतो. आपल्याला आवडेल का, ते तो सांगत नाही.

३. मान्यवरांच्या आवडत्या पुस्तकांवर आंधळा विश्वास ठेवू नये. अशा याद्यांत पुष्कळदा वाचलेली पुस्तके कमी आणि वाचलेली दिसावीत अशी जास्त असतात. दोन लेखक आलटून पालटून एकमेकांची पुस्तके सुचवत असतील, तर ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ म्हणावे आणि पुढे जावे.

४. परदेशी उन्हाळी यादी जशीच्या तशी उचलू नये. अमेरिकेतली सुट्टी जून ते ऑगस्टची. बराक ओबामांची बहुचर्चित उन्हाळी यादी येते तोवर आपल्याकडे शाळा सुरू होऊन छत्र्याही बाहेर आलेल्या असतात. त्या याद्या बहुतांशी त्याच वर्षीच्या नव्या इंग्रजी पुस्तकांच्या असतात. ती इथे महाग पडतात, आणि मराठीत यायची झाली तर वेळ लागतो. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना मात्र त्या नेमक्या वेळेवर मिळतात. त्यांनी त्यात एक मराठी पुस्तक आपल्या हाताने घालावे.

५. ऐतिहासिक कादंबरी इतिहास म्हणून घेऊ नये. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ पासून वाचकांना माधवराव-रमाबाईंच्या प्रेमात पाडते आहे, ते कादंबरी म्हणून. त्यातले संवाद देसाईंनी रचलेले आहेत. यादीत ‘इतिहास’ या मथळ्याखाली कादंबरी दिसली, तर त्या यादीकडे सावधपणे पाहावे.

६. सवलतीपायी संच घेऊ नये. पाच पुस्तकांच्या संचात हवी असलेली बहुधा दोनच असतात. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून सुट्टीची भिस्त त्या पुस्तकावर तर मुळीच ठेवू नये. पुस्तक पावसाळ्यात आले तरी ते वेळेवरच आले, असे म्हणण्याची रीत आहे.

७. आपले बालपण मुलांच्या माथी मारू नये. पाचवीतल्या मुलाला ‘मृत्युंजय’ देऊन तो वाचत नाही म्हणून कपाळाला हात लावण्यात काही हशील नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे आजही मुलांना भावतो, पण भा. रा. भागवतांच्या जोडीला चित्रकथा, विज्ञान, खेळाडूंची चरित्रे हेही समोर ठेवावे आणि निवड मुलांना करू द्यावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे दोन-तीन अंक दिले, की मूल गोष्टीवर थांबते की कोड्यावर, ते आपोआप दिसते. पुढचे पुस्तक त्यावरून निवडावे. वाचल्यावर ‘तात्पर्य सांग’ हे तर अजिबात नको.

८. पीडीएफच्या ढिगाला ग्रंथसंग्रह समजू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी हयात लेखकांची पुस्तके ही सरळसरळ चोरी आहे. आणि फुकट मिळालेली दोनशे पुस्तके कोणीच वाचत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

९. न रुचलेले पुस्तक रेटू नये. पन्नास पाने प्रामाणिकपणे द्यावीत. तरी सूर जुळला नाही, तर पुस्तक मिटावे. पुस्तक वाईट आहे किंवा आपण कमी पडलो, यांपैकी काहीच त्यातून सिद्ध होत नाही. यादी पुरी करण्याची चुरस लावली, की वाचन गृहपाठ होऊन बसते.

शेवटी एक विनंती. सुट्टी संपताना आवडलेल्या एका पुस्तकाबद्दल चार ओळी लिहा, विशेषणे न वापरता. त्या वाचनालयाच्या फलकावर लावा, नाहीतर एखाद्या मित्राला पाठवा. मराठीत छापील याद्या पुष्कळ आहेत. कारण सांगणाऱ्या शिफारशी थोड्या आहेत, आणि त्या वाढवणे वाचकांच्याच हाती आहे.