चर्चचे पुढचे दार

ख्रिस्ती धर्मसंस्था आणि समलिंगी माणूस ह्या विषयावर लिहू लागले की लेखणी सहसा बायबलमधील वचनांकडे वळते. वचनांचा विचार पुढे येईलच. परंतु धर्मसंस्था एखाद्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे जाणायचे असेल, तर तिने त्याला काय उपदेश केला ह्यापेक्षा तो मेल्यावर त्याला मूठमाती दिली की नाही, हे आधी पाहावे असे मला वाटते. मरणाबरोबर वैर संपते असे आपण म्हणतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात १९७३ साली ते संपले नाही. त्या प्रकरणाचा परिचय करून देणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ट्रॉय पेरी ह्यांचा जन्म १९४० सालचा, फ्लॉरिडा राज्यातला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना बॅप्टिस्ट उपदेशक म्हणून परवाना मिळाला. पुढे एका पाळकाच्या मुलीशी विवाह झाला, दोन मुलगे झाले. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी लपविले नाही, आणि त्यामुळे उपदेशकाचे काम गेले, संसारही मोडला. एकदा त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्क येथे आपल्या राहत्या घरी त्यांनी उपासना ठेवली. बारा माणसे आली. मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च ह्या पंथाची ही सुरुवात.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या धर्माने घराबाहेर काढले त्याच धर्माची प्रार्थना म्हणायला ही माणसे का जमली? धर्म सोडून देणे त्यांना अवघड नव्हते. अनेकांनी तो सोडलाही. पण ह्या बाराजणांचे भांडण देवाशी नव्हते. देवाच्या घराची किल्ली आपल्याकडेच आहे असे मानणाऱ्यांशी ते होते. हा भेद लक्षात न घेतल्यास पुढची हकीकत नीट कळत नाही.

न्यू ऑर्लिन्समध्येही ह्या पंथाची एक लहान मंडळी होती. तिच्याकडे देऊळ नव्हते. शहराच्या जुन्या फ्रेंच भागात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ‘अपस्टेअर्स लाउंज’ नावाचे मद्यगृह होते. त्याच्या मागच्या खोलीत काही काळ तिची उपासना भरत असे. २४ जून १९७३ हा रविवार. सकाळची उपासना आटोपून मंडळीतील अनेकजण संध्याकाळी तेथे जमले होते. आठाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. दार उघडताच जिन्यातून आगीचा लोळ आत शिरला. मद्यगृहातील एका नोकराने वीसेक जणांना मागच्या वाटेने बाहेर काढले. बाकीच्यांपुढे गज लावलेल्या खिडक्या होत्या. ३२ माणसे मेली. पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकूनच गेले. सहाय्यक पाळक जॉर्ज मिचेल सुखरूप बाहेर पडले होते. पण आपला जोडीदार आतच राहिला आहे हे कळताच ते परत आत शिरले. दोघांचे देह एकत्र सापडले. आग मुद्दाम लावली गेली असे मानले जाते. खटला मात्र कोणावरही चालला नाही.

नंतर जे घडले ते ह्या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. मृतांसाठी प्रार्थना करायला शहरातील चर्चे तयार होईनात. कॅथलिक लोकसंख्या मोठी असलेल्या त्या शहराच्या आर्चबिशपांनी शोकाचा शब्दही काढला नाही. सेंट जॉर्ज ह्या एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू विल्यम रिचर्डसन ह्यांनी दुसऱ्याच दिवशी लहानशी प्रार्थना घेतली. त्याबद्दल त्यांच्या बिशपांनी त्यांना बोल लावला, आणि टपालाने द्वेषाची पत्रे आली.

शेवटी सेंट मार्क ह्या मेथडिस्ट चर्चने दार उघडले. १ जुलैला तेथे स्मरण-उपासना झाली. पेरी कॅलिफोर्नियाहून आले होते आणि मेथडिस्ट बिशपही हजर राहिले. ह्याचे मोल कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आदल्याच वर्षी, १९७२ साली, ह्याच मेथडिस्ट पंथाच्या परिषदेने समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे आपल्या नियमग्रंथात नमूद केले होते! ग्रंथात एक आणि दारात दुसरे, अशी ही स्थिती. उपासना संपताना बाहेर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार उभे असल्याची बातमी आत आली. छायाचित्र छापले गेले तर नोकरी जाण्याची भीती होती. मागच्या दाराने जाण्याची सोय करून देण्यात आली. पेरी सांगतात की त्या दाराने कोणीही गेले नाही. सगळे पुढच्या दाराने बाहेर पडले.

आता वचनांकडे वळू. विरोधकांचा मुख्य आधार म्हणजे उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायातील सदोम नगरीची कथा. पण सदोमाचे पाप कोणते, हे बायबलच अन्यत्र सांगते. यहेज्केलाच्या १६ व्या अध्यायात गर्व, अन्नाची चैन आणि दीनदुबळ्यांना हात न देणे अशी त्याची मोजणी आहे. इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू डेरिक शेरविन बेली ह्यांनी १९५५ साली ग्रंथ लिहून ह्या कथेचा रूढ अर्थ तपासला आणि पाहुण्यांवरील अत्याचाराकडे बोट दाखविले. लेवीय आणि रोमकरांस पत्र ह्यांतील वचने इतकी सहज सुटत नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या लेवीयाच्या १८ व्या अध्यायात हा निषेध आहे, त्याच्या पुढच्याच अध्यायात दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र अंगावर घालू नये असेही आहे. टेरिकॉटचा सदरा घालून वेदीपाशी उभ्या राहणाऱ्याला कोणी अडविल्याचे ऐकिवात नाही.

ह्या सगळ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. इंग्लंडात हा अपराध पूर्वी धर्मन्यायालयांकडे असे. १५३३ साली आठव्या हेन्रीच्या काळात तो राज्याच्या कायद्यात आला, आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ होऊन आपल्याकडे पोहोचला. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. म्हणजे अँग्लिकन बेली इंग्लंडात ज्या समजुतीशी झगडत होते, तिचीच एक शाखा आपल्या न्यायालयांत दीडशे वर्षांहून अधिक काळ उभी होती.

न्यू ऑर्लिन्सचे तेव्हाचे आर्चबिशप ग्रेगरी एमंड ह्यांनी २०१३ साली, चाळीस वर्षांनी, त्या मौनाबद्दल खेद व्यक्त केला. मेथडिस्टांनी १९७२ चे ते वाक्य २०२४ च्या परिषदेत काढून टाकले. आगीत मेलेल्यांपैकी चौघांना शहराच्या बेवारशी दफनभूमीत पुरले गेले होते. त्यांतला एक दुसऱ्या महायुद्धात लढलेला सैनिक होता. त्याच्या घरच्यांना ही गोष्ट कळायला २०१५ साल उजाडले.