गाडीचे गुडघे

आधीच सांगून टाकते. मी के.जी. पासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट आहे. ती म्हणाली, "तू इंग्लिशमध्ये लिही, मी ट्रान्सलेट करते." मला राग आला आणि मी थेट मराठीतच लिहायला बसले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या, पण रागवायचं असेल तर तिला रागवा.

विषय आहे सस्पेन्शनचा बुश. बुश म्हटलं की काहींना अमेरिकेचे माजी अध्यक्ष आठवतील. त्यांचा इथे काही संबंध नाही. आपला बुश मुठीत मावतो, गाडीखाली अंधारात बसलेला असतो आणि तो खराब होईपर्यंत त्याची कोणी चौकशी करत नाही. थिअरीच्या पेपरला सस्पेन्शनवर आठ मार्कांचा प्रश्न येतो. आपण स्प्रिंग काढतो, डँपर काढतो, बाण दाखवतो. बुशसाठी एक छोटं वर्तुळ काढून पुढे जातो. मीही तेच केलं होतं.

गेल्या मे-जूनमध्ये मी मावशीकडे इंग्लंडला गेले होते. तिथे माझ्या मावसभावाची, म्हणजे दादाची, १९९५ सालची माझदा एमएक्स-५ आहे. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. दोन सीट, कापडी छत, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना आणि वजन एक टनाच्या आसपास. पॉवर फार नाही. मग लोकांना एवढी का आवडते? कारण चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे आणि गाडी वळणावर अगदी सांगितल्यासारखी वागते. माझदाचे इंजिनिअर त्याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं.

पण दादाचा घोडा म्हातारा झाला होता. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं, ब्रेक मारला की गाडी जराशी एका बाजूला जायची आणि खड्ड्यात मागून 'टक्' असा आवाज यायचा. डँपर नवे होते, टायर चांगले होते. दादाने आर्मच्या टोकाशी टॉमी घालून हलवून दाखवलं तर बुशचं रबर भेगाळलेलं, एका जागी चक्क सुटलेलं. पंचवीस-तीस वर्षांत ऊन, तेल, हवेतला ओझोन आणि थंडीत रस्त्यावर टाकतात ते मीठ, एवढं सगळं त्याने सोसलं होतं.

त्याच आठवड्यात मावशीच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठीक आहेत, मधली गादी झिजली आहे. दादा म्हणाला, "माझ्या गाडीचंही तेच." या लेखाचं नाव तिथून आलं.

बुश नेमका करतो काय?

एक स्टीलची नळी, तिच्या आत दुसरी लहान नळी आणि दोन्हींच्या मध्ये व्हल्कनाइझ करून घट्ट चिकटवलेलं रबर, हा झाला साधा बुश. बाहेरची नळी आर्ममध्ये प्रेस करून बसवलेली असते. आतली नळी बोल्टने चासीच्या ब्रॅकेटमध्ये आवळलेली असते. चाक वर-खाली झालं की आर्म फिरतो. पण यातली कुठलीही नळी घसरत नाही. मधलं रबरच पीळ खातं आणि परत सुटतं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बुशला एकाच वेळी तीन नोकऱ्या असतात. आर्मला फिरू द्यायचं, रस्त्याची थरथर बॉडीपर्यंत पोचू द्यायची नाही आणि चाक जागच्या जागी धरून ठेवायचं. पहिल्या दोन कामांना मऊपणा हवा, तिसऱ्याला कडकपणा. कारखान्यातला डिझाइनर या भांडणात तडजोड करतो. त्यामुळे मूळ बुशमधला मऊपणा म्हणजे कंजुषी नव्हे, तो विचार करून ठेवलेला असतो.

आता 'मिलिमीटरभर ढिलाईने काय बिघडतं?' या प्रश्नाचं गणित. एमएक्स-५ च्या मागच्या चाकाचा खालचा आर्म आतल्या बाजूला दोन बुशांवर असतो आणि बाहेर एका लांब बोल्टने चाकाच्या अपराइटला जोडलेला असतो. त्यामुळे वरून पाहिलं तर आर्म जेवढा वळेल तेवढंच चाक वळतं. समजा आतल्या दोन बुशांत ३०० मिमी अंतर आहे आणि वळणावर एक बुश दुसऱ्यापेक्षा १ मिमी जास्त दबला. कोन झाला १/३०० रेडियन, म्हणजे सुमारे ०.१९ अंश. या गाडीच्या मूळ टायरचा व्यास साधारण ५७८ मिमी. म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जवळजवळ २ मिमीचा फरक. अलाइनमेंटवाले टो-इन मोजतात तेही मिलिमीटरच्याच हिशेबात. थोडक्यात काय, तुम्ही स्टिअरिंग वळवलेलं नसताना मागचं चाक स्वतःच वळत असतं.

घालायचं काय?

दादापुढे तीन पर्याय होते.

पहिला, कंपनीसारखेच नवे रबरी बुश. गाडी कारखान्यातून आली तशी होईल. खरं सांगायचं तर म्हाताऱ्या गाडीत अर्धी लढाई इथेच जिंकली जाते, कारण आपण नव्या रबराची तुलना मेलेल्या रबराशी करत असतो.

दुसरा, पॉलियुरेथेन, लाडाने 'पॉली'. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलेलं हे मटेरिअल आपल्या फार ओळखीचं आहे. बुटाचे सोल, स्केटिंगची चाकं, गादीतला फोम, सगळीकडे तेच. बुशचं पॉली रबरापेक्षा कडक असतं. शोर ए स्केलवर रबर साधारण ५० ते ७०, तर पॉली ७० ते ९५. तेलाला आणि मिठाला ते जास्त टिकतं. पण मुख्य फरक कडकपणाचा नाही, वागण्याचा आहे. पॉली नळीला चिकटवलेलं नसतं. आतली स्टीलची नळी पॉलीच्या आत खरोखर फिरते, दार बिजागरीवर फिरतं तसं. म्हणून तिला ग्रीस लागतं, आणि ग्रीस संपलं की बिजागरीसारखीच कुरकुरते.

यातून एक धोका निघतो. बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. डबल विशबोनचा आर्म साधारण तसाच फिरतो, म्हणून तिथे पॉली चालून जातं. पण काही मल्टी-लिंक सस्पेन्शनमधल्या ट्रेलिंग आर्मला फिरण्याबरोबर थोडं तिरकंही व्हावं लागतं. तिथे मऊ रबर काढून कडक पॉली कोंबलं तर आर्म अडकतो आणि सगळा ताण ब्रॅकेटवर जातो. 'कडक म्हणजे भारी' हे समीकरण इथे फसतं.

तिसरा पर्याय म्हणजे धातूचं गोल बेअरिंग. रेसिंगच्या गाड्यांत, अगदी फॉर्म्युला भारतसाठी विद्यार्थी बनवतात त्या गाड्यांतही, रॉड एंडच्या रूपात ते दिसतं. चाक जराही हलत नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या मणक्यात कळतो.

दादाने पॉली घेतलं, पण त्यातलं मऊ ग्रेड.

अंगणातलं वर्कशॉप

काम दोन वीकएंडचं ठरवलं होतं, तीन लागले. मध्ये पाऊस. गाडी चार स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही, कधीही, 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा गाडीखाली जाऊ नये.

सर्वांत जास्त छळलं ते कॅम बोल्टने. या गाडीत खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टला विक्षिप्त चकती असते. ती फिरवून कॅम्बर, कॅस्टर आणि टो जुळवतात. मिठाच्या गंजाने हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीतच धरले होते. तेल मारलं, गरम केलं, ठोकलं. शेवटी दोन बोल्ट इलेक्ट्रिक करवतीने आर्म आणि ब्रॅकेटच्या मधून कापले. जे सुटले त्यांच्या चकतीची जागा सोडवायच्या आधी रंगाने मार्क करून ठेवली.

जुने बुश काढायला एक लांब थ्रेडेड रॉड, दोन नट, एक लहान सॉकेट आणि एक मोठा पाइपचा तुकडा एवढंच वापरलं. लहान सॉकेट बुशला ढकलतो, पाइप त्याला पोटात घेतो. काही लोक रबर जाळून काढतात. तो धूर विषारी असतो, त्या वाटेला जाऊ नका. मग आर्मची भोकं साफ केली, किटबरोबर आलेलं ग्रीस लावलं आणि पॉली हातानेच दाबून बसवलं.

गाडी अजून स्टँडवर, चाकं नाहीत, आर्म खाली लोंबकळतायत. दादाने टॉर्क रेंच माझ्या हातात दिला. मी बोल्ट आवळायला लागले. तो सहज बोलून गेला, "पॉली आहे म्हणून असं हवेत टाइट करतोय हं. रबर असतं तर गाडी चाकांवर उतरवून मगच."

मी थांबले. "का?"

"अगं, रबर चिकटलेलं असतं ना. लोंबकळताना आवळलंस तर ते त्यालाच शून्य समजतं."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण आदल्या दिवाळीत मी स्वतः बाबांच्या जुन्या हॅचबॅकच्या लोअर आर्मला नवे रबरी बुश घातले होते आणि सगळे बोल्ट गाडी वर असतानाच जीव खाऊन आवळले होते. बाबांनी कॉलनीभर सांगितलं, "मुलीने केलंय." होळीपर्यंत दोन्ही बुश फाटले. बाबा स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, मीही बरोबर होते. "डुप्लिकेट माल विकता, माझ्या मुलीच्या मेहनतीवर पाणी पाडलंत," असं चारचौघांत बोलले. दुकानदार काका एवढंच म्हणाले, "साहेब, माल ओरिजिनल आहे, फिटिंग बघा." मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, मान वर करून म्हणाले, "फिटिंग बरोबर आहे."

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं. समजा आर्म ३०० मिमी लांब आहे, उभ्या गाडीत तो आडवा असतो आणि हवेत ८० मिमी खाली लोंबकळतो. कोन येतो सुमारे १५.५ अंश. मी तिथे बोल्ट आवळला, म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच रबर १५.५ अंश पिळलेलं. आता खड्ड्यात चाक ५० मिमी वर गेलं की आणखी साडेनऊ अंश. म्हणजे जे रबर साडेनऊ अंश पीळ खायला हवं होतं, ते २५ अंश खात होतं, आणि पार्किंगमध्येसुद्धा त्याला सुट्टी नव्हती. फाटणार नाही तर काय?

सकाळी बाबांना फोन केला. "बाबा, माल डुप्लिकेट नव्हता. चूक माझी होती." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग आता दुकानात आपण दोघं जायचं." जुलैत घरी गेल्यावर गेलो. काकांनी चहा मागवला आणि विचारलं, "आता तरी गाडी खाली उतरवून आवळलात ना?" त्यांना माहीत होतं! मार्चमध्येच माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

असो. दादाच्या गाडीचं पुढे काय झालं? अलाइनमेंट करून घेतलं (बुश बदलल्यावर ते करावंच लागतं). स्टिअरिंग सरळ राहतं, ब्रेकला गाडी नाक्यासमोर थांबते आणि वळणावर मागचं चाक ऐकतं. दगडी रस्त्यावर मात्र आवाज वाढला. मावशी एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आधी गाडी होती, आता बैलगाडी झाली." दोघांचंही खरं आहे. अपग्रेड फुकट मिळत नाही, एका नोकरीतले मार्क वाढवायला दुसरीतले द्यावे लागतात.

जाता जाता, वर्कशॉपच्या भिंतीवर लावायला चार ओळी :

१. बुश बदलण्याआधी तो कसा हलतो ते समजून घ्या.
२. चिकटवलेलं रबर असेल तर शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीला असताना.
३. पॉली असेल तर ग्रीस, आणि आर्म फक्त फिरतो की तिरकाही होतो ते बघा.
४. कोणी "फिटिंग बघा" म्हणालं तर फिटिंग बघा.

चौथी ओळ सिलॅबसमध्ये नाही, पण मला सर्वांत महाग तीच पडली.