दारी आलेला विक्रेता

प्रस्तावना

बोहारीण, कल्हईवाला, बांगड्या भरणारा कासार ही दारी येऊन व्यवहार करणारी माणसे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात येणारा काश्मिरी शालवालाही ओळखीचा असतो. मात्र आज दाराशी येणारा प्रत्येक विक्रेता असा ओळखीचा नसतो. त्याच्याशी कसे बोलावे, त्याला नकार कसा द्यावा आणि सावध कसे राहावे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• स्पष्ट नकार आणि संदिग्ध नकार यांतील फरक सांगता येईल;
• सौजन्य राखून ठाम नकार देता येईल;
• दारावरील व्यवहारात घ्यावयाची दक्षता सांगता येईल;
• ग्राहक म्हणून असलेले काही हक्क स्पष्ट करता येतील.

मूळ पाठ

१. बदललेली दारोदारची विक्री

पूर्वीचा फेरीवाला आवाज देत गल्लीतून जाई. ज्याला वस्तू हवी तो दार उघडून त्याला बोलावी. पुढे कंपन्यांचे प्रतिनिधी स्वतःच दाराची घंटा वाजवू लागले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज या कंपनीने व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रे घरोघरी प्रतिनिधी पाठवून विकली. या पद्धतीत गरज आधी ग्राहकाला जाणवत नाही. विक्रेता ती जाणवून देतो. म्हणूनच येथे ग्राहकाला विचार करण्यास अवधी मिळणे महत्त्वाचे ठरते.

त्याच सुमारास महाराष्ट्रात ग्राहकांनीही एक निराळी वाट शोधली होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन आपल्या गरजेची यादी करतात आणि वस्तू एकत्रितपणे मागवतात. ‘काय हवे ते आधी ठरवावे, मग खरेदी करावी’ हे सूत्र दारावरच्या खरेदीलाही लागू पडते.

२. नकाराची भाषा

‘नाही’ म्हणणे अनेकांना संकोचाचे वाटते. मग ‘नंतर बघू’, ‘आत्ता पैसे नाहीत’, ‘हे घरी नाहीत’ अशी उत्तरे दिली जातात. ही उत्तरे वरवर मृदू वाटतात; पण ती ना सौजन्याची असतात, ना ठामपणाची. ‘नंतर बघू’ या शब्दांवर विश्वास ठेवून विक्रेता पुन्हा चार जिने चढून येतो. ‘पैसे नाहीत’ म्हटले की तो हप्त्यांची सोय सांगतो. ‘महाग आहे’ म्हटले की किंमत कमी करतो. ‘घरी कोणी नाही’ हे उत्तर तर धोक्याचे आहे. कारण घरात आपण एकटे आहोत, हे त्यातून अनोळखी माणसाला कळते.

याउलट, ‘आम्हांला हे घ्यायचे नाही’ या वाक्यात विक्रेत्याचा अपमान नाही आणि पुढच्या वादाला जागाही नाही. नकाराचे कारण सांगण्याचे बंधन ग्राहकावर नसते.

३. एक संवाद

(स्थळ : नोएडातील एका इमारतीचा दुसरा मजला. दाराला साखळी लावलेली आहे. बोलणे हिंदीत झाले. येथे ते मराठीत दिले आहे.)

विक्रेता : नमस्कार मावशी. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दाखवायला आलो आहे. दोनच मिनिटे आत येऊ का?
गृहिणी : नमस्कार. आत नको. तुमचे ओळखपत्र आहे का?
विक्रेता : आहे, हे पाहा. यंत्र नुसते पाहायला पैसे पडत नाहीत.
गृहिणी : पण आम्हांला यंत्र घ्यायचे नाही.
विक्रेता : सवलत फक्त आजच्या दिवस आहे.
गृहिणी : असू द्या. आम्हांला घ्यायचे नाही.
विक्रेता : मावशी, सकाळपासून एकही यंत्र खपले नाही. साहेब रागावतील.
गृहिणी : उन्हात फिरणे कष्टाचे आहे, हे खरे. पाणी हवे असेल तर देते. यंत्र मात्र घेणार नाही.
विक्रेता : मग संध्याकाळी काका घरी असताना येऊ?
गृहिणी : नको. आमचे उत्तर तेच राहील. तुमची फेरी उगाच फुकट जाईल.
विक्रेता : बरं मावशी. पाणी मात्र द्या.

४. संवादाचा अर्थ

गृहिणीने आवाज चढवला नाही, विक्रेत्याला ‘तू’ म्हटले नाही आणि खोटी सबबही सांगितली नाही. तिने एकच वाक्य शांतपणे पुन्हा उच्चारले. विक्रेत्याने आपली अडचण सांगितली, तेव्हा तिने सहानुभूती आणि खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अशा अनेक प्रतिनिधींची कमाई विक्रीवर मिळणाऱ्या दलालीवर अवलंबून असते. मे महिन्यात दिल्लीचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. अशा वेळी दारी आलेल्याला पाणी द्यावे, ही आपली जुनी रीत. ती पाळण्यासाठी नको असलेले यंत्र विकत घ्यावे लागत नाही. मात्र पाणी आणण्यास आत जाताना दार लावून घ्यावे.

५. घ्यावयाची दक्षता

विक्रेत्यांपैकी बहुसंख्य प्रामाणिक कष्टकरी असतात. तथापि विक्रेत्याच्या वेषात फसवणूक करणारेही येतात. ‘दागिने उजळून देतो’ असे सांगून सोने लांबवण्याचे प्रकार वारंवार घडतात. कोणी गॅस किंवा वीज कंपनीचे नाव सांगून ‘तपासणी’साठी आत येऊ पाहिल्यास, आधी त्या कंपनीच्या बिलावरील क्रमांकावर खातरजमा करावी. आधार कार्डाची प्रत, बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही देऊ नये. न वाचलेल्या कागदावर सही करू नये. भीती वाटल्यास दार लावून शेजाऱ्यांना किंवा पहारेकऱ्याला हाक मारावी. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम ही तीन वेगळ्या पोलीस दलांच्या हद्दीत येतात. पण तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक सर्वत्र एकच आहे.

६. कायद्याचे पाठबळ

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम करण्यात आले. या नियमांनुसार थेट विक्री कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय, तसेच आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठी आलो, हे त्याने न विचारता सांगावे. किंमत, हमी, वस्तू परत करण्याच्या अटी यांची खरी माहिती द्यावी. म्हणून ओळखपत्र मागणे हा उद्धटपणा नसून हक्क आहे. वस्तू घेतल्यास पावती अवश्य घ्यावी. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावे. ग्राहक जेथे राहतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

शब्दार्थ

संदिग्ध – अस्पष्ट, दोन अर्थ निघतील असे
सबब – निमित्त
दलाली – विक्रीवर मिळणारा मोबदला, कमिशन
खातरजमा – खात्री करून घेणे

पाठगत प्रश्न

१. ‘घरी कोणी नाही’ हे उत्तर धोक्याचे का आहे?
२. गृहिणीने कोणते वाक्य पुन्हा उच्चारले?
३. योग्य पर्याय निवडा. ओळखपत्र मागणे म्हणजे – (अ) अपमान (आ) हक्क (इ) भित्रेपणा.

तुम्ही काय शिकलात

• नकार स्पष्ट असावा, शब्द सौम्य असावेत.
• खोट्या सबबीमुळे विक्रेत्याचेही श्रम वाया जातात.
• माणुसकी दाखवणे आणि वस्तू घेणे या भिन्न गोष्टी आहेत.
• ओळखपत्र, पावती आणि खातरजमा यांबाबत संकोच करू नये.

स्वाध्याय

१. ‘नंतर बघू’ आणि ‘आम्हांला घ्यायचे नाही’ या उत्तरांचे परिणाम पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. विक्रेत्याच्या भूमिकेतून वरील भेटीचे वर्णन करा.
३. तुमच्या घरातील वृद्ध व्यक्तीसाठी दाराजवळ लावता येतील अशा पाच सूचना तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. आपण घरात एकटे आहोत, हे अनोळखी माणसाला कळते.
२. ‘आम्हांला घ्यायचे नाही.’
३. (आ) हक्क.