आठशे पुस्तकं आणि सहा इंची पडदा

हार्ड डिस्कवर बारा वर्षांची ई-पुस्तकं साठली होती. किंडल घरात आलं तेव्हा वाटलं, तासाभराचं काम आहे. तीन रविवार गेले. त्यातून आलेलं शहाणपण असं :

१. आधी केबल तपासा. किंडल चार्ज होत होतं, पण लॅपटॉपला दिसत नव्हतं. सेटिंग्ज पालथी घातल्यावर कळलं, केबल नुसती चार्जिंगची. दुसरी लावली, लगेच दिसलं.

२. लेखकांची नावं एका साच्यात बसवा. पुस्तकं लावायला कॅलिबर घेतलं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिस्तीचं आहे. त्यात माझ्याकडे 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे' आणि 'देशपांडे पु. ल.' असे तीन वेगळे लेखक निघाले! अर्धा रविवार टिंबं आणि मोकळ्या जागा सारख्या करण्यात गेला.

३. कॅलिबरच्या फोल्डरला परस्पर हात लावू नका. मी तिथे जाऊन नावं 'सुधारली'. कॅलिबर आपल्या नोंदीतल्या जुन्या पत्त्यावर पुस्तक शोधत बसलं. नाव बदलायचं ते कॅलिबरच्या आतूनच.

४. पीडीएफच्या भरवशावर राहू नका. ए-फोर आकाराचं पान सहा इंचांत आलं की वेलांट्या मुंग्यांसारख्या दिसतात. त्याचं ईपब करावं, तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मराठीचा पार चिवडा होतो. त्यापेक्षा मुळात ईपबच मिळवा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. अशी बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोतवर आहेत आणि तिथून ईपब उतरवता येतं.

५. केबलने ईपब चढवलं तर किंडल ते उघडत नाही. कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू३ करून पाठवा. मूळ ईपब मात्र पुसू नका. उद्या दुसरा रीडर घेतलात तर तेच कामी येईल.

६. सगळं एकदम चढवू नका. मी आठशेच्या आठशे ढकलली. किंडल रात्रभर त्यांची सूची करत बसलं आणि सकाळी बॅटरी तळाला. त्यानंतर रोज रात्री याद्या वरखाली करायचो, दोन-चार पानं चाळायचो आणि झोपायचो.

आता किंडलवर पाचच ठेवतो. सहावं हवं असेल तर आधी एक संपवायचं. गेल्या महिन्यात दोन संपली. आठशे होती तेव्हा एकही संपलं नव्हतं.