आवक-जावकच्या टेबलावरून

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, जिल्हा परिषदेत लागले खरी, पण दिवसभर आवक-जावकच्या रजिस्टरात नोंदी करते आणि शिक्के मारते. पुण्यातल्या कंपन्यांत गेलेल्या मैत्रिणींना काय तोंड दाखवू? तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. फोनवर तुझा आवाज भरून आला की मलाही धड बोलणं सुचत नाही, म्हणून लिहितेय.

तू मोठ्या माणसांचे परिचय वाचतेस, ते वाचत राहा. फक्त बघ, त्यात जन्मगाव असतं, डिग्री असते आणि पुढच्याच ओळीत माणूस मंत्री नाहीतर कारखानदार झालेला असतो. मधली दहा-पंधरा वर्षं कुणी नीट सांगत नाही. माझा सगळा जीव त्या मधल्या वर्षांत अडकलेला असतो.

सुशीलकुमार शिंदे घे. सोलापूरच्या गरीब घरातला मुलगा, कोर्टात शिपाई म्हणून लागला. शिपायाचं काम काय असतं ते तू रोज बघतेस. नोकरी करता करता ते शिकले, कारकून झाले, पुढे पोलिसांत फौजदार. मग नोकरी सोडून राजकारणात आले, 1974 साली करमाळ्यातून आमदार झाले. 2003 मध्ये मुख्यमंत्री आणि 2012 मध्ये देशाचे गृहमंत्री. त्यांचं राजकारण कुणाला पटेल, कुणाला नाही. पण मला वाटतं, कोर्टाच्या दाराशी उभं राहणाऱ्याला जे दिसतं ते आत खुर्चीवर बसलेल्याला दिसत नाही. तारीख पुढे गेली की एस.टी.चं भाडं खर्चून आलेल्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, कोणता कागद कुणाकडे अडतो, कोण कुणाशी कोणत्या सुरात बोलतं. हे शिक्षण कुठल्याच कॉलेजात मिळत नाही, आणि तुझ्या टेबलावर ते रोज येतंय.

उशीर झाला म्हणतेस ना? यशवंतराव चव्हाणांचं बघ. देवराष्ट्र्यात जन्म, वडील लहानपणीच गेलेले, आई विठाईंनी मुलं वाढवली. शाळेत असतानाच चळवळीत पडले, तुरुंगात गेले. बी.ए. झाले 1938 साली, म्हणजे पंचविसाव्या वर्षी. वकिलीची परीक्षा 1941 मध्ये. 1946 मध्ये आमदार झाल्यावर पहिली नेमणूक मिळाली ती संसदीय सचिवाची, मंत्रिपदाची नव्हे. दहा वर्षांनी ते मुख्यमंत्री झाले. आणि तू चोविसाव्या वर्षी हिशेब मिटवायला बसलीस!

पण मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकार व्हायला निघाला होता. मोठ्या भावानं, रामूअण्णांनी, पैशांची सोय केली म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता आलं. तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. विचार कर, चित्रकार व्हायचं स्वप्न आणि डोळे रंगांना दाद देईनात. त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्ही.जे.टी.आय.मध्ये तोच विषय शिकवायला लागले. रिकाम्या वेळी तिथल्या कार्यशाळेत जाऊन यंत्रं हाताळायची, खोलून बघायची. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. तो नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं लागली म्हणतात. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यातलं रामूअण्णांचं आणि औंधकरांचं नाव मुद्दाम घेतलं. कर्तबगार माणसाच्या मागं अशी कुणीतरी असतातच. प्रवरानगरच्या साखर कारखान्याला विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द होती, तसा धनंजयराव गाडगिळांचा अर्थशास्त्राचा अभ्यासही होता. तेव्हा परिचय वाचताना त्या माणसाला कोणी हात दिला तेही शोध, आणि तुला कोण हात देईल त्याचाही विचार कर. मदत मागायला तू फार लाजतेस, हे मी लहानपणापासून बघतेय.

सगळेच शून्यातून वर आले, असं खोटं मी तुला सांगणार नाही. आडनावावर मिळालेलं तिकीट, वडिलांकडून आलेली कारखान्याची खुर्ची, हे आपण आजूबाजूला बघतोच. त्याचा मला रागही येतो. पण म्हणूनच ज्यांना आडनावाचा आधार नव्हता, त्यांच्याकडे जास्त बारकाईनं बघायला हवं.

म्हसवडच्या बायकांकडे बघ. मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना गाला सिन्हा लग्न होऊन माण तालुक्यात आल्या. तिथल्या कष्टकरी बायकांची बचत ठेवून घ्यायला बँका तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी बायकांचीच सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला, कारण अर्जावर अंगठे होते. बायकांनी गावात साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी पुन्हा साहेबांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. या बायकांच्या परिचयात डिग्रीच्या जागी काय लिहिणार? बाजारात बसून केलेला हिशेबच ना?

आपल्या राज्यात 2011 पासून पंचायत राजमधल्या अर्ध्या जागा बायकांच्या आहेत. तुझ्या टेबलापर्यंत सरपंच बाई येते तेव्हा पुष्कळदा तिचा नवराच पुढं होऊन बोलतो. तू पोच तिच्या हातात दे. कागद आता कोणत्या विभागात जाईल, कधी विचारायला यायचं, ते तिच्याकडे बघून सांग. विलासराव देशमुखही आधी बाभळगावचे सरपंच होते. यातली कोण कुठवर जाईल ते आज कुणाला ठाऊक! तिच्या कामाला तुझा हात लागलेला असू दे.

आणि स्वतःसाठी एवढं कर. कागदावर नुसता शिक्का मारून तो पुढं सरकवू नकोस, विषय वाच. कोणत्या योजनेचं काय अडतं ते एका वहीत टिपून ठेव. वर्षभरात त्या वहीतून अख्खा जिल्हा कळेल. अर्थ विभागात बदली मागून बघ. पैसा कसा येतो आणि कुठं थांबतो ते कळलं की बाकीची कामं सोपी जातात. सेवाप्रवेशोत्तर परीक्षा लांबणीवर टाकू नकोस, आणि राज्यसेवेचा विचार मनात असेल तर घरी आत्ताच बोल, लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी. आईला सांगायला तुला जड जात असेल तर मी बोलते. पुस्तकांची यादी पाठव, पुढच्या शनिवारी येताना घेऊन येईन.